बंदरगावात गाडीचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की व्हॅनमध्ये राहून कोकण किनाऱ्याने प्रवास करणाऱ्या वाचकांची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतील बहुतेक प्रश्न लहान बंदरगावात गाडी थांबवण्याविषयी आहेत. त्यामुळे हे सदर त्याच विषयाला दिले आहे. बंदरगावात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्रही आले आहे. पाहुण्यांनी ते आवर्जून वाचावे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून काही महिन्यांपासून व्हॅनमध्येच राहतो. डिसेंबरमध्ये दापोली तालुक्यातील हर्णै येथे आठ-दहा दिवस थांबण्याचा विचार आहे. बंदराच्या वाळूवर पुष्कळ मोकळी जागा दिसते. तेथे गाडी लावली तर चालेल काय? परवानगी कोणाची घ्यावी? (पुण्यातील एक दांपत्य)

नुसती जागा पाहून याचे उत्तर देता येणार नाही. ती वाळू दिवसाच्या कोणत्या वेळी कोणाच्या कामाची असते, हे आधी समजून घ्यावे लागते. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातील मासळीचे मोठे बंदर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, बाजूच्या टेकाडावर कनकदुर्ग आणि तेथील दीपगृह, लगत पाजपंढरीची कोळीवस्ती, असा हा परिसर आहे. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरलेल्या असतात, त्यांतील मासळी लहान होड्यांतून किनाऱ्याला येते आणि लिलाव वाळूवरच होतो, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर पुन्हा एकदा. त्या वेळी व्यापाऱ्यांचे टेम्पो, बर्फाच्या लाद्या आणणाऱ्या गाड्या, पाण्याच्या कडेपर्यंत जाणाऱ्या बैलगाड्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आणि जाळी ओढणारे खलाशी अशी सगळ्यांची एकाच पट्ट्यात धावपळ चालते. भर दुपारी ओसाड दिसणाऱ्या जागेवर चार वाजता पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि तेथे मधोमध उभी असलेली आपली गाडी मग शंभर माणसांच्या वाटेत येते.

लिलावाच्या पट्ट्यापासून दूर गेले तरी मोकळी दिसणारी जागा मोकळी असेलच असे नाही. ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्यालगतच्या सपाट खळ्यांवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या अंगणांवर, जवळा पसरलेला असतो, आणि बोंबील असतील तेथे ते वाळत टांगण्याच्या बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. एखाद्या दिवशी खळे रिकामे असले, तर त्याचा अर्थ त्या दिवशी वाळवायला मासळी नव्हती, एवढाच. काही जागा होड्या ओढून वर घेण्यासाठी आणि त्यांच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या असतात, तर काही ठिकाणी जाळी पसरून विणली जातात. जमिनीवर पडलेल्या जाळ्यावरून चाक गेले, तर झालेले नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते समुद्रात गेल्यावर कळते. म्हणून बंदरात शिरताच जागा शोधत फिरू नये. गाडी एस.टी. थांब्याच्या आसपास, रहदारीला अडथळा न होईल अशी उभी करावी आणि पायी खाली जाऊन एक पूर्ण लिलाव पाहावा. कोणती जागा कामाची आणि कोणती खरोखर रिकामी, हे त्या तास-दोन तासांत जेवढे कळते तेवढे नकाशावरून कळत नाही.

आता परवानगीविषयी. कागदोपत्री पाहिले, तर भरतीच्या रेषेखालची जमीन शासनाची असते, धक्के आणि जेट्या यांची व्यवस्था १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे असते, गावठाणातील सार्वजनिक जागा ग्रामपंचायतीकडे आणि माडा-पोफळीच्या वाड्या खासगी मालकीच्या. परंतु एका व्हॅनच्या दोन रात्रींच्या मुक्कामासाठी यांपैकी कोणतेही कार्यालय लेखी परवाना देत बसणार नाही, आणि तसा तो मागणेही व्यवहार्य नाही. माझ्या मते सर्वांत आधी मच्छीमार सहकारी संस्थेच्या कचेरीत जावे. बंदरातील कोणती जागा कधी लागते, हे त्यांना तोंडपाठ असते, आणि संस्थेच्या माणसाने "तिकडे लावा" असे सांगितले की पुढे कोणी हटकत नाही. त्यानंतर ग्रामपंचायतीत नाव, गाडीचा क्रमांक आणि मुक्कामाचे दिवस सांगून ठेवावेत.

तिसरी भेट पोलीस पाटलांची. ही भेट पुष्कळ प्रवासी टाळतात; ती टाळू नये. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडी आणि दिघी येथे किनाऱ्यावर उतरवण्यात आली होती, आणि २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादीही समुद्रमार्गेच आले. तेव्हापासून या किनाऱ्यावरील गावांना रात्री थांबलेल्या अनोळखी गाडीकडे लक्ष ठेवण्यास वारंवार सांगितले जाते. पडदे ओढलेली, परजिल्ह्याच्या क्रमांकाची एक व्हॅन धक्क्याजवळ रात्रभर उभी आहे, हे पाहून कोणी पोलिसांना कळवले, तर त्यात कळवणाऱ्याचा दोष नाही. पोलीस पाटलांना आधी ठाऊक असेल, तर रात्री दीड वाजता काचेवर टकटक होत नाही.

हे सर्व सांगितल्यानंतरही आठ-दहा दिवस बंदरातच काढण्याचा सल्ला मी देणार नाही. पहिल्या एक-दोन रात्री बंदराच्या वरच्या बाजूला, संस्थेने दाखवलेल्या जागी थांबावे, लिलाव पाहावा, माणसांची ओळख करून घ्यावी. त्यानंतर गावातील एखाद्या घराच्या आवारात पैसे देऊन गाडी लावावी. हर्णैच्या दक्षिणेला मुरूड आणि कर्दे, तर उत्तरेला खाडीपलीकडे आंजर्ले येथे अनेक घरांतून पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय होते, आणि अशा घरमालकांना आवारात एक गाडी, एक वीजजोडणी आणि न्हाणीघराचा वापर एवढे देणे जड जात नाही. रक्कम आधीच ठरवून घ्यावी आणि ती घासाघीस न करता द्यावी. बंदरातील झोपेविषयीही थोडे सांगायला हवे. बर्फ फोडण्याचे यंत्र पहाटे तीन-साडेतीनला सुरू होते, त्यानंतर होड्यांची इंजिने, त्यानंतर टेम्पो. बंदर आपल्यासाठी गप्प बसणार नाही, आणि त्याने तसे बसावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. आवारात गाडी लावताना मात्र माडाखाली कधीही लावू नये. नारळ पडून काच फुटणे तर आहेच, पण वाऱ्याने सुटलेली झावळीसुद्धा छतावरील सौर पॅनेल निकामी करण्याइतकी जड असते.

रस्त्याविषयी दोन गोष्टी. दापोलीहून हर्णै साधारण सोळा किलोमीटर आहे. एस.टी. जाते त्या रस्त्याने आपली व्हॅनही जाईल, परंतु मुख्य रस्ता सोडून वस्तीच्या गल्लीत शिरू नये. तेथे गाडी वळत नाही आणि उंच छत विजेच्या तारांना लागण्याचा धोका असतो. रायगडकडून येत असाल, तर बाणकोट खाडीवर बागमांडला ते वेश्वी ही फेरीबोट मिळते. गुहागरकडून येणाऱ्यांसाठी वाशिष्ठीच्या मुखावर धोपावे ते दाभोळ ही फेरी २००३ पासून सुरू आहे. ओहोटीच्या वेळी फेरीचा उतार अधिक तीव्र होतो, आणि ज्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो तिचा तळ चढताना-उतरताना घासतो. लांब गाडी असणाऱ्यांनी मध्यम पाणी असतानाची फेरी घ्यावी.

मासळीविषयी तुम्ही विचारले नाही, पण ती घेतल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. लिलावातील बोली पाटीवर किंवा ढिगावर लागते, किलोवर नव्हे. म्हणून दोघांपुरती मासळी हवी असेल, तर लिलावात तोंड घालण्याऐवजी कडेला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्यावी आणि तेथेच साफ करून मागावी. त्याचे वेगळे पैसे द्यावेत. बंद व्हॅनमध्ये कोळंबी सोलण्याचा प्रयोग करणाऱ्यांना पुढचे चार दिवस त्याची आठवण राहते.

प्रश्न : किनाऱ्यावर पाण्यापासून पुष्कळ दूर उभी केलेली गाडी पाण्यात गेल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात. भरती किती वाजता आणि कुठवर येईल, हे मोबाइलला रेंज नसताना कसे ओळखावे? (नाशिक)

यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशी पूर्ण भरती साधारण किती वाजता असेल ते मिळते. शुद्ध असो की वद्य, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वा अकराच्या सुमारास. ही भरती दिवसा एकदा आणि रात्री एकदा अशी दोनदा येते, दोन भरत्यांत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा येते; पाऊणपटीचा हिशेब त्यावरूनच आला आहे. जागेनुसार या वेळेत अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. गाडी कुठे लावावी हे ठरवण्यासाठी एवढी अचूकता पुरते.

पाणी कुठवर येईल, हे मात्र वेळेवरून कळत नाही. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असते. पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची ये-जा कमी असते. फसगत होते ती येथे. अष्टमीला आलेला प्रवासी सलग तीन दिवस पाणी एका ठरावीक रेषेपर्यंतच येताना पाहतो, त्या रेषेच्या दहा पावले वर निश्चिंत मनाने गाडी लावतो, आणि एकादशीपासून ती रेषा रोज वर सरकू लागते. म्हणून काल पाणी कुठवर आले यावर विसंबू नये. वाळूवर वाळलेले शेवाळ, काटक्या, प्लास्टिक आणि शिंपल्यांचा जो सर्वांत वरचा पट्टा दिसतो, ती मागच्या उधाणाची खूण असते; गाडी त्याच्याही वर, शक्यतो गवत आणि वेली धरलेल्या जमिनीवर असावी.

दुसरी फसगत वेगाची. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास लागतात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे पाणी येते. पहिला तास पाहून "अजून वेळ आहे" असे ज्यांना वाटते, त्यांच्या गाड्या बातमीत येतात. त्यातच ओल्या वाळूत चाक रुतले, की इंजिन जोरात फिरवल्याने ते आणखी खाली जाते. अशा वेळी टायरमधील हवा बरीच कमी करावी, चाकांसमोरची वाळू हाताने उपसावी, फळ्या किंवा झावळ्या घालाव्यात आणि बंदरातील ट्रॅक्टरवाल्याला ताबडतोब बोलवावे. तो मागेल ते पैसे द्यावेत. मधल्या दोन तासांत ताणून धरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या बंदरात सुट्ट्यांच्या दिवशी राहण्याच्या गाड्या येतात. आम्ही बायका ज्या खळ्यावर जवळा वाळवतो, तेथेच त्या लावतात. भांड्यांचे साबणाचे पाणी तेथेच सोडतात. बोललो तर "जागा सरकारची आहे" म्हणतात. भांडण न करता काय करता येईल? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक भगिनी)

ताई, जागा शासनाची आहे, हे त्यांचे म्हणणे अनेक ठिकाणी अक्षरशः खरे असेल. परंतु त्यावरून तेथे मुक्काम करण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. खळ्यावरचा साबण आणि डिझेलचा एक थेंब वाळत घातलेल्या मालाचा वास आणि भाव दोन्ही घालवतो, हे त्यांना ठाऊक नसते. बहुतेकांना ते समजावून सांगितले तर पटेल, काहींना पटणार नाही. व्यवस्था मात्र दोघांनाही पुरेल अशी हवी.

माझी सूचना अशी, की हा विषय किनाऱ्यावर न सोडवता ग्रामसभेत न्यावा. मच्छीमार संस्था आणि महिला बचत गट यांनी मिळून लेखी मागणी करावी, की बंदरातील खळी, वलांड्या, होड्या ओढण्याची जागा आणि लिलावाचा पट्टा येथे वाहन उभे करण्यास ठरावाने मनाई व्हावी, आणि त्याच ठरावात गावाच्या वरच्या बाजूला गाड्यांसाठी एक जागा नेमून द्यावी. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नुसता "येथे गाड्या लावू नयेत" असा फलक लावला, की गाडी शंभर पावले पुढे जाऊन दुसऱ्याच्या खळ्यावर उभी राहते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला कोणते कर आणि शुल्क बसवता येतात याची यादी आहे. त्याच्या आधारे नेमलेल्या जागेसाठी रात्रीचे शुल्क ठरवून पावती देता येईल का, हे ग्रामपंचायत कार्यालयाने पंचायत समितीकडून तपासून घ्यावे. जागा समुद्राच्या अगदी लगत असेल, तर तेथे पक्के बांधकाम करू नये, कारण किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेचे निर्बंध त्याला लागतात. सपाट केलेली जांभ्याची जमीन, पाण्याचा एक नळ, एक दिवा आणि मैला ओतण्यासाठी सेप्टिक टाकीला जोडलेले एक शौचालय, एवढे पुरते.

त्या जागेची देखरेख बचत गटाकडे द्यावी, असे मला मनापासून वाटते. गाडीतून राहणारी माणसे रोज काहीतरी विकत घेतात. पाणी, भाकरी, सुकट, सोलकढी, अंघोळीचे गरम पाणी. आज तो व्यवहार विखुरलेला आहे आणि त्रास मात्र तुमच्या खळ्यावर एकवटलेला आहे. तुमच्या पत्रात पाहुण्यांविषयी राग नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. म्हणून हेही सुचवतो, की फलकावर मनाईच्या जोडीला कारणही लिहावे: "या जमिनीवर खाण्याची मासळी वाळवली जाते." पुष्कळ माणसे एवढे वाचून गाडी मागे घेतील.

प्रश्न : पाण्याची आणि शौचालयाची सोय बंदरगावात कशी करावी? गाडीत लहान पेटीचे शौचालय आहे. (ठाणे)

पाण्याबाबत कोकणचा पाऊस पाहून फसू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात डोंगरउतारामुळे पाणी थांबत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावांत नळाला एक दिवसाआड पाणी येते. त्या दोन महिन्यांत बंदरगावात टाकी भरून घेऊ नये. दापोलीसारख्या तालुक्याच्या गावी भरून यावे. इतर वेळी एखाद्या घरी विचारून, पैसे देऊन घ्यावे. काटकसरीने वागणाऱ्या दोन माणसांना स्वयंपाक, पिणे आणि भांडी यांसाठी दिवसाला वीस लिटर पुरतात. अंघोळ बाहेर करावी. सार्वजनिक विहिरीवर स्वतःची बादली सोडण्याआधी तेथील माणसांना विचारणे आवश्यक आहे.

शौचालयाची पेटी फक्त शौचालयातच रिकामी करावी, तीही घरमालकाला स्पष्ट सांगून. पेटीत घालण्याची काही रसायने सेप्टिक टाकीतील जिवाणूंना मारतात. म्हणून जैविक द्रव्य वापरावे किंवा काहीच वापरू नये आणि पेटी रोज रिकामी करावी. खाडीत, खाजणात किंवा कांदळवनात ती ओतणे हा निव्वळ अपराध आहे. खाडीच्या चिखलात बायका कालवे आणि तिसऱ्या काढतात, आणि ती शिंपली पाणी गाळूनच जगतात. त्या पाण्यात जे मिसळेल ते कोणाच्या तरी ताटात येते.

धक्क्यावरील पंपाचे डिझेल मागू नये. मासेमारी नौकांच्या डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा शासन देते आणि त्या डिझेलचा हिशेब संस्थेला द्यावा लागतो. बर्फ मात्र विकत मिळतो, आणि शीतपेटी असणाऱ्यांसाठी बंदरासारखी दुसरी सोयीची जागा नाही.

प्रश्न : जुन्या प्रवासी गाडीत मी स्वतः बिछाना, ओटा आणि गॅस बसवला आहे. वाटेत अडवतील काय? (कोल्हापूर)

अडवू शकतील. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. आसने काढली असतील, तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी. सहज उचलून बाहेर काढता येणारे सामान आणि कायमचे जोडलेले सामान यांत फरक केला जातो, म्हणून शक्य ते सर्व सुटे ठेवावे. गॅसविषयी अधिक काळजी वाटते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तळाशी साचतो. छताचा झरोका उघडा ठेवून काही साधत नाही. गाडीच्या तळाशी छिद्र हवे. बंदरात डिझेलची पिंपे आणि लाकडी होड्या शेजारी असताना शक्यतो गाडीबाहेरही चूल पेटवू नये.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये नोकरीनिमित्त राहतो. येथे कोठेही फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा कायदेशीर हक्क आहे असे ऐकले. मग लहान बंदरात गाडीतही झोपता येईल ना? (ॲबरडीन)

तो हक्क २००३ च्या भूसुधारणा कायद्याने मिळाला आहे, पण पायी, सायकलवर किंवा घोड्यावर फिरणाऱ्यांना. मोटारवाहनाला तो लागू नाही. रस्त्यापासून पंधरा यार्डांच्या आत केवळ गाडी उभी करण्यासाठी जमिनीवर उतरणे हा त्या देशात गुन्हा धरला जात नाही, परंतु त्यामुळे जमीनमालकाची परवानगी मिळाली असे होत नाही. तिकडील अनेक लहान बंदरांनी गाड्यांसाठी जागा आखून शुल्काची पेटी ठेवली आहे, तेथेच थांबावे. तसे नसेल, तर बंदराच्या अधिकाऱ्याला विचारावे. खेकड्यांचे पिंजरे रचण्याची जागा आणि फेरीच्या रांगेच्या मार्गिका रात्री रिकाम्या दिसतात. पहाटे त्या लागतात. हर्णैला जे सांगितले तेच येथेही.

प्रश्न : पावसाळ्यात बंदरगावात महिनाभर राहून लिहिण्याचे काम करायचे आहे. जून कसा राहील? (सोलापूर)

जून टाळावा. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या ओढून वर घेतल्या जातात, त्यांवर झाप किंवा प्लास्टिक घालून त्या शाकारल्या जातात, आणि एरवी मोकळी असणारी प्रत्येक उंचवट्याची जागा त्यांनी भरून जाते. लिलाव बंद, बर्फ बंद, खानावळी अर्ध्या बंद. बंद गाडीत या दिवसांत बिछाना, कपडे आणि कागद यांना बुरशी येते, आणि खाऱ्या दमट हवेत गाडीच्या तळाचा गंज एका पावसाळ्यात जेवढा वाढतो तेवढा कोरड्या भागात कित्येक वर्षांत वाढत नाही.

वादळाचा विचार त्याहून मोठा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. त्यामुळे मे अखेरीस आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही, बंदरावर वादळाच्या इशाऱ्यासाठी लावलेल्या बावट्याकडे लक्ष असावे. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वाऱ्याचा इशारा. त्यापुढचे आकडे वाढत्या धोक्याचे. बावटा दिसला नाही, तरी दुसरी खूण आहे. वारा वाढणार असे दिसताच हर्णैच्या नौका नांगर उचलून आंजर्ल्याच्या खाडीत किंवा जयगडकडे आश्रयाला जातात. नौका निघाल्या, की आपणही गाडी काढावी आणि वर दापोलीला, झाडे आणि विजेचे खांब यांपासून दूर, पक्क्या इमारतीच्या आडोशाला लावावी.

लिहिण्यासाठी महिनाभर हवा असेल, तर दसऱ्यानंतर या. गणपतीत चाकरमानी आलेले असतात आणि प्रत्येक अंगणात गाडी असते, त्यामुळे तो काळही सोडावा. शिमग्यातही तीच अडचण, शिवाय पालखीच्या वाटेवर गाडी लावलेली कोणालाच आवडत नाही. दसरा ते नाताळ या दिवसांत जमीन वाळलेली असते, विहिरींना पाणी असते, हवा सुसह्य असते आणि मासळीही भरपूर. गाडी निघण्याआधी तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि परत गेल्यावर पुन्हा धुवा.